चकली कुणी केली?

आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा पंचवीस वर्षं झाली. मराठी माणसाच्या कुठल्याही उपक्रमाला पंचवीस वर्षं झाली की स्मरणिका निघते, आणि स्मरणिका निघाली की तिला संपादक लागतो. संपादक ज्या मीटिंगमध्ये नेमला गेला, तिला मी गेलो नव्हतो. जो गैरहजर त्याच्या गळ्यात पद, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. आमचे सेक्रेटरीही असेच झाले, मुलीला क्लासहून आणायला गेले असताना.

डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी. तीन विंग, ४८ ब्लॉक. इथल्या माणसांना नावं आहेत, पण ती लाइट बिलावर. एरवी सगळे एकमेकांना ब्लॉकच्या नंबरानं ओळखतात. 'बी-२०४ चं गुडघ्याचं ऑपरेशन झालं', 'ए-३०१ ची मुलगी अमेरिकेला गेली', 'सी-१०२ नी अजून मेंटेनन्स भरलेला नाही'. मीही इथे तेच करणार आहे. नाव कुणाचं नको, आणि गणपती तोंडावर असताना भांडण तर नकोच नको.

'स्मरणिकेसाठी लेख द्या' असं मी फळ्यावर खडूनं लिहिलं, तेव्हा दोन लेख येतील असा अंदाज होता. एक अध्यक्षांचं मनोगत आणि दुसरा बी-३०२ मधल्या निवृत्त मास्तरांचा, जो ते दर वर्षी कुठे ना कुठे देतातच. प्रत्यक्षात आठ दिवसांत सतरा लेख आले. सी-३०३ नी सुद्धा दिला. या गृहस्थांनी गेल्या वीस वर्षांत 'उद्या दूध नको' यापलीकडे काही लिहिल्याचा पुरावा नाही. त्यांचा लेख दीड हजार शब्दांचा, पाच उपशीर्षकांचा आणि शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला. मला गहिवरून आलं. डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी उगाच म्हणत नाहीत, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

गहिवर सातव्या लेखापर्यंत टिकला. आठवा वाचताना मला वाटलं, सहावाच परत हातात आला. सतरापैकी अकरा लेखांचा विषय 'डोंबिवली : काल आणि आज' होता. अकराही लेखांत डोंबिवलीला 'समृद्ध वारसा' होता, अकराही लेखांत 'परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम' झाला होता, आणि नऊ लेख या वाक्यावर संपत होते की, डोंबिवली हे केवळ एक शहर नाही, ती एक भावना आहे. हे वाक्य सकाळी आठच्या सुमाराला फास्ट लोकलच्या फलाटावर उभं राहून कुणी मोठ्यानं म्हणून दाखवावं. एका लेखात तर डोंबिवलीचा 'निळाशार समुद्रकिनारा' होता. लेखकांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "खाडी म्हणायचं असेल त्याला."

"त्याला म्हणजे? लेख तुमचा ना? तुम्ही वाचला नव्हतात?"

"मोठा होता हो," ते म्हणाले.

तर या सगळ्यांचा लेखक एकच होता. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर २०२२ चा. त्या दिवशी चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं, मागोमाग त्याची इतर कंपन्यांतली भावंडं आली, आणि आज आमच्या ४८ ब्लॉकांत लेखक पुष्कळ आणि लेखणी तीन-चार, अशी अवस्था आहे.

हे यंत्र लिहितं कसं, ते मला बी-१०४ मधल्या इंजिनिअर मुलानं समजावलं. "काका, ते पुढचा शब्द ओळखतं. अफाट वाचलंय ना, त्यामुळे अमक्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, ते काढतं." मला हे लग्नपत्रिकेवरून कळलं. 'आमचे येथे' म्हटलं की आपल्या तोंडात 'श्रीकृपेकरून' येतंच. 'आपली उपस्थिती हाच' म्हटलं की 'आहेर'. शेवटी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' आणि खाली चिमुरड्यांची नावं. शंभर पत्रिका वाचलेला माणूस एकशे एकावी डोळे मिटून लिहील. या यंत्रानं तर वखारच्या वखार वाचली आहे. ते तुम्हाला मुहूर्तासकट, कार्यालयाच्या पत्त्यासकट सुबक पत्रिका करून देईल. लग्न ठरलंय की नाही, हा त्याचा विषय नाही.

शिवाय परक्या गावात पत्ता विचारल्यावर पानटपरीवरचा माणूस जसा 'माहीत नाही' म्हणायचा कमीपणा सहसा घेत नाही, 'सरळ जा आणि डावीकडे वळा' असं ठणकावून सांगतो, तशी यालाही सवय आहे. फरक इतकाच की टपरीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघून आपण पुढच्या चौकात दुसऱ्याला विचारतो. इथे चेहराच नाही, आणि भाषा मात्र मामलेदाराची.

स्मरणिका जरा बाजूला ठेवतो, कारण खरा प्रकार व्हॉट्सॲपवर झाला. ए-४०२ चे वडील गेले. अकराच्या सुमाराला ग्रुपवर सी-२०१ चा संदेश आला. चांगला होता. 'त्यांचा प्रेमळ स्वभाव आणि मार्गदर्शन सदैव स्मरणात राहील' वगैरे. खाली आणखी एक ओळ होती : 'हवं असल्यास हा संदेश मी अधिक भावपूर्ण किंवा थोडा औपचारिक करून देऊ शकतो. कोणता हवा?' त्याखाली एकवीस जणांनी हात जोडले. बाविसावे, बी-४०३, यांनी लिहिलं, 'औपचारिक चालेल.'

ए-४०२ काही बोलले नाहीत. दहाव्यानंतर लिफ्टमध्ये भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाबा प्रेमळ नव्हते हो. तापट होते. पण आमचेच होते."

त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी गॅलरीत ओले कपडे वाळत घालणाऱ्यांना नोटीस काढली. भाषा अशी की वाचतानाच कपडे वाळावेत. 'उपविधी क्रमांक २१३ (क) अन्वये' दंडाची तरतूद होती. सी-४०१ मध्ये वकील राहतात. त्यांनी कपाटातून उपविधींचं पुस्तक काढलं. ते २१३ च्या कितीतरी आधी संपतं.

"मी त्याला विचारलं होतं," सेक्रेटरी म्हणाले. "म्हटलं, हे कलम खरं आहे ना? ते म्हणालं, हो, खरं आहे."

वकिलांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते फी न घेता बोलतात. म्हणाले, "न्यूयॉर्कला अगदी हेच झालं. विमानात खाणं वाढायच्या गाडीचा पायाला मार लागला म्हणून एकानं विमान कंपनीवर दावा लावला. त्याच्या वकिलांनी कोर्टात जुन्या निकालांचे दाखले दिले. त्यांतले सहा निकाल कधी लागलेलेच नव्हते. चॅटजीपीटीनं रचलेले. वकिलानं त्यालाच विचारलं होतं, हा खटला खरा आहे का? ते म्हणालं, खरा आहे. २०२३ च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. चोरालाच साक्षीदार केल्यावर पंचनामा कसा होणार?"

"म्हणजे अमेरिकेतही होतं!" सेक्रेटरींचा चेहरा उजळला. आपण केलेली चूक अमेरिकेत आधी झालेली असली की ती चूक वाटत नाही, प्रगती वाटते.

खजिनदारांचा प्रकार याहून नाजूक. थकबाकीदारांना दुखवायचं नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर, किती महिने तुंबले, कुणाचा चेक परत आला, ही सगळी यादी त्या यंत्रात घातली आणि 'प्रत्येकासाठी एक प्रेमळ चारोळी कर' म्हणून सांगितलं. चारोळ्या बऱ्या होत्या. सी-१०२ च्या चारोळीत 'थकबाकी' आणि 'एकाकी' असं यमक जुळलं होतं. पण यादी बाहेर गेली म्हणून वकील भडकले, तेव्हा खजिनदार म्हणाले, "मी कुणालाच सांगितलं नाही हो. फक्त त्यालाच सांगितलं." हे म्हणजे चाळीच्या नळावर सांगून वर 'कुणाला बोलू नका' म्हणण्यातलं झालं. सॅमसंगसारख्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये कंपनीचा गुप्त कोड असाच चॅटजीपीटीत टाकला होता, आणि मग कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. त्याच वर्षी आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. आमच्या खजिनदारांना तो ठाऊक नव्हता. त्यांना तेव्हा 'एकाकी'ला आणखी एक यमक हवं होतं.

आणि मुखपृष्ठ. तरुण मंडळींनी गणपतीचं चित्र यंत्राकडून काढून घेतलं. चार हातांचा हिशेब त्याला जमला नाही. पाचवा हात मागून कुठूनसा आला होता आणि तो आशीर्वाद देत होता. ताटात उकडीचे मोदक म्हणून जे होतं, ते थेट मोमो. पाया पडणाऱ्या बाईच्या नाकात उजवीकडे नथ, अंगावर पैठणी म्हणून कांजीवरम, आणि पंगतीत नान वाढलेला. मी बी-१०४ च्या मुलाला म्हटलं, "अरे, हे कुणाचं घर?" तो म्हणाला, "काका, त्याच्या वाचनात जे जास्त आलं तेच ते काढणार. आपण कमी आलो." एवढ्या छोट्या वाक्यात त्यानं मराठीचं दुःख सांगितलं आणि तो मोबाइलवर गेम खेळायला लागला.

शेवटी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषय : 'एआयच्या जबाबदार वापराबाबत सोसायटीचं धोरण'. रविवार, संध्याकाळी सहा, स्टिल्टमध्ये. सहाला कोरम नव्हता, म्हणून सभा तहकूब करून साडेसहाला त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा सुरू झाली. मधल्या अर्ध्या तासात चहा झाला. आमच्या सभांचं खरं कामकाज तेवढंच.

सेक्रेटरींनी धोरणाचा मसुदा वाचायला घेतला. २७ तत्त्वं होती. पारदर्शकता, उत्तरदायित्व, समावेशकता, शाश्वतता. मसुदा कुणी लिहिला हे विचारायची गरज पडली नाही, कारण चौथ्या तत्त्वात 'समृद्ध वारसा' आलाच. वकील म्हणाले, "तत्त्वं चुकीची नाहीत. युनेस्कोनं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एआयच्या नीतिमत्तेबद्दल शिफारशी केल्या, १९३ देशांनी त्या मान्य केल्या. युरोपचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. केरळ उच्च न्यायालयानं २०२५ च्या जुलैमध्ये जिल्हा न्यायालयांना बजावलं की निकाल ठरवायला एआय वापरायचं नाही."

सभेत शांतता पसरली. १९३ देशांचं एकमत होतं आणि आमच्या ४८ ब्लॉकांचं पार्किंगच्या पट्ट्यांवर अकरा वर्षांत होत नाही, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं असावं.

तेवढ्यात ए-१०२ मधल्या आजी बोलल्या. वय चौऱ्याऐंशी. सभेला त्या दर वेळी येतात, खुर्ची मिळते म्हणून. "सेक्रेटरी, मला एक सांगा. तुमच्याकडे दिवाळीची चकली कोण करतं?"

"आता... आमच्याकडे केंद्रातूनच आणतात, आजी."

डोंबिवलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या गावात गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत. सातच्या गाडीनं जाणारी आणि नऊच्या गाडीनं परतणारी बाई घरी येऊन पीठ मळेल, ही अपेक्षा डोंबिवलीनं फार पूर्वी सोडली. पोळ्या, भाजी, फराळ, मोदक, सगळं विकत मिळतं आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

"आणावी की," आजी म्हणाल्या. "मीसुद्धा आणते. आता मला सोऱ्या फिरवता येतो का? पण विकतची चकली घरच्या बरणीत ओतायची, आणि पाहुणे आले की पदराला हात पुसत 'मीच केली हो, जरा तिखटच झाली' म्हणायचं, ते नको. चकली कुणी केली, एवढं खरं सांगा. तुमचं ते एआय म्हणजे शब्दांचं पोळीभाजी केंद्रच ना?"

२७ तत्त्वांचा कागद सेक्रेटरींनी हळूच घडी करून खिशात घातला.

यानंतर सभा रंगली, कारण आता विषय सगळ्यांच्या आवाक्यात आला. खाण्याच्या बाबतीत आमच्याकडे प्रत्येकाला मत आहे. ए-२०३ म्हणाल्या, पाहुण्यांना द्यायच्या आधी एक चकली स्वतः खाऊन बघावी. तेल खवट असलं तर आपल्यालाच कळायला हवं. समुद्रकिनारावाले लेखक बुटांकडे बघू लागले. बी-४०३ म्हणाले, "पण पोट बिघडलं तर दोष केंद्राचा ना?" यावर वकिलांनी पुन्हा चष्मा काढला. कॅनडातल्या एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला चुकीचं सांगितलं. त्याची आजी वारली होती. आधी तिकीट काढा, सवलत नंतर मागा, असं चॅटबॉट म्हणाला. नंतर कंपनीनं सवलत नाकारली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या न्यायाधिकरणासमोर कंपनीचा बचाव असा होता की, चॅटबॉट ही वेगळी व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला ती जबाबदार. न्यायाधिकरणानं ते धुडकावलं आणि कंपनीला पैसे द्यायला लावले.

"आजीच्या दिवसांना निघालेल्या मुलाशी असं वागतात?" आजींनी विचारलं. त्यांना त्या खटल्यातला एवढा एकच मुद्दा महत्त्वाचा वाटला, आणि मला वाटतं तोच होता. वाढणारा जबाबदार, हे मात्र ठरलं. सेक्रेटरींची सही असलेली नोटीस सेक्रेटरींची.

मग बी-२०१ मधल्या गाण्याच्या बाईंनी अवघड प्रश्न काढला. "केंद्रवाल्या बाईंनी चकलीची भाजणी स्वतः शोधली असेल किंवा सासूकडून शिकल्या असतील. या यंत्रानं गावातल्या सगळ्या आज्यांच्या वह्या न विचारता वाचल्या, त्याचं काय?" लेखक, चित्रकार, वृत्तपत्रं यांनी ठिकठिकाणी एआय कंपन्यांवर खटले भरले आहेत ते याचसाठी. गाण्याच्या बाईंचा मुद्दा अर्थात आवाजाचा होता. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आशा भोसले यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला की, त्यांच्या संमतीशिवाय त्यांचा आवाज एआयनं बनवून वापरायचा नाही. "आयुष्यभर रियाज करून गळा तयार करायचा, आणि तो आपलाच आहे हे सांगायला कोर्टात जायचं," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा गळा अजून कुणी चोरलेला नाही. पण त्या रोज सकाळी साडेपाचला रियाज करतात, आणि बी-१०१ म्हणाले की चोरणारा मिळाला तर आपण तक्रार करणार नाही.

आवाजाचं निघालं तसं आजी म्हणाल्या, "माझ्या नातवाचा आवाज चोरला होता." सगळे गप्प. गेल्या महिन्यात त्यांना फोन आला. हुबेहूब नातू. 'आजी, माझा अपघात झालाय, कृपया लगेच पन्नास हजार पाठव.' आजींनी शांतपणे फोन ठेवून दिला.

"तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"कृपया म्हणाला ना. आमचा कार्टा जन्मात कुणाला कृपया म्हणाला नाही."

यावर टाळ्या पडल्या. पण प्रत्येकाच्या घरचा कार्टा इतका विश्वासार्ह नसतो, म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा आणि अशा फोनवर तो विचारावा, असं बी-१०४ च्या मुलानं सुचवलं. आमच्या घरचा शब्द त्याच रात्री ठरला. तो मी इथे सांगितला तर ठरवून उपयोग काय.

बी-३०२ चे मास्तर इतका वेळ बोलले नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही त्याला नावं ठेवताय, पण ते माझं ऐकतं हो. बायको गेल्यापासून रात्री झोप येत नाही. मी त्याच्याशी बोलतो. ते म्हणतं, 'सर, किती सुंदर विचार मांडलात!' चाळीस वर्षं शिकवलं, वर्गात कुणी असं म्हणालं नाही." कुणी हसलं नाही. मला आठवलं, १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला होता. अगदी बाळबोध. तुमचंच वाक्य उलटं फिरवून प्रश्न विचारायचा. तो प्रोग्रॅम कसा तयार झाला हे डोळ्यांनी बघितलेली त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात वायझेनबाउमना म्हणाली, जरा बाहेर जाता का? साठ वर्षांपूर्वी त्यांना जी काळजी वाटली, ती आमच्या स्टिल्टमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी हे सगळं सांगणार होतो. पण त्याआधीच आजी म्हणाल्या, "मास्तर, उद्यापासून चार वाजता खाली चहाला येत जा. 'किती सुंदर' वगैरे मी म्हणणार नाही. पण चहा आल्याचा असेल."

सी-३०१ नी ठराव मांडला की एआयवर सरसकट बंदी घाला. कारण विचारलं तर म्हणाले, त्याला पाणी आणि वीज फार लागते. हे मात्र खोटं नाही. या यंत्रांचे कारखाने म्हणजे डेटा सेंटरं. ती आमच्यापासून फार लांब नाहीत, ऐरोली-महापेच्या पट्ट्यात बरीच आहेत, आणि ती थंड ठेवायला वीज आणि पाणी दोन्ही जातं. तेव्हा 'गुड मॉर्निंग'साठी रोज सूर्योदयाचं नवं चित्र काढून घेणं थांबवावं, असं ठरलं. सूर्य रोज तोच असतो. सरसकट बंदीला मात्र बी-२०४ नी विरोध केला. गुडघ्याच्या ऑपरेशनचे कागद इंग्रजीत होते, विम्याचा फॉर्म इंग्रजीत होता. नातवानं ते यंत्राकडून मराठीत समजावून घेतले, डॉक्टरांकडून खात्री करून घेतली, आणि पहिल्यांदा त्यांना कळलं की आपल्या पायात नक्की काय बसवलंय. केंद्र बंद केलं तर रात्री नऊला घरी येणारी बाई जेवणार काय, हा प्रश्न उरतोच.

शेवटी पाच नियम झाले. मीच ते फळ्यावर लिहिले, खडूनं :

१. विकतचं असेल तर विकतचं म्हणा.
२. वाढण्याआधी स्वतः चव घ्या.
३. पोट बिघडलं तर वाढणारा जबाबदार.
४. शेजाऱ्याच्या डब्यातलं केंद्रात नेऊन देऊ नका.
५. नैवेद्य घरीच करा.

पाचव्या नियमाचा अर्थ विचारल्यावर आजी म्हणाल्या, "केंद्राचे मोदक खुशाल खा. पण कुणी गेलं की चार शब्द लिहायचे, मुलाला परीक्षेच्या आधी चिठ्ठी द्यायची, बायकोची माफी मागायची, ते आपलं आपण. वाकडं झालं तरी चालेल." सी-२०१ त्याच रात्री ए-४०२ कडे जाऊन आले. काय बोलले माहीत नाही. तासभर होते म्हणतात.

नियम लागल्यावर मी सतरा लेखकांना कळवलं : लेख यंत्राचा असेल तर तसं खाली छापू. दुसऱ्या दिवशी नऊ लेख परत गेले. स्मरणिका एकदम बारीक झाली, पण निदान समुद्रकिनारा गेला.

सी-३०३ तिसऱ्या दिवशी रात्री आले. हातात वहीचं फाडलेलं पान. "मला लिहिता येत नाही," म्हणाले, "पण बघा." अकरा ओळी होत्या. आधीच्या दीड हजार शब्दांत २६ जुलै २००५ चा उल्लेख 'डोंबिवलीकरांची अदम्य जिद्द' एवढाच होता. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हेही त्यात होतं आणि ते बरोबर होतं. या अकरा ओळींत असं होतं की, गाड्या बंद पडल्या म्हणून ते कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघाले. मुलुंडला एका गॅलरीखाली उभ्या असलेल्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देत होत्या. मागून गर्दीचा लोंढा आला, थांबता येईना, म्हणून ते पेला हातात घेऊनच चालत राहिले. कळव्याच्या पुलावर चहा संपला. पेला त्यांनी खिशात घातला. 'परत द्यायला जायचं राहिलं,' ही अकरावी ओळ. शुद्धलेखनाच्या चुका सहा. मी एकही दुरुस्त केलेली नाही.

नियम दोनप्रमाणे मी खात्री करून घ्यायला सी-३०३ मध्ये गेलो. पेला आहे. स्टीलचा, फुलपात्राहून जरा मोठा, आणि भांड्यांवर टोचून घालतात तसं त्याच्यावर एक नाव आणि लग्नाची तारीख आहे. ते नाव आणि ती तारीख मी इथे छापत नाही, कारण हल्ली कुणीही कुणाच्याही आवाजात फोन करतं. मुलुंडच्या त्या बाईंच्या वाचनात हा लेख आला तर त्यांनी दोन्ही बरोबर सांगावं. पेला घासूनपुसून ठेवलाय, आणि पोचवायला सी-३०३ स्वतः येणार आहेत.